पुढची रांग हसली नाई

अनुभव लिहिणारा माणूस कसा पाहिजे? केस पांढरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नोकरी पुरी झालेली, पेन्शन चालू. माझ्यापाशी यातलं काहीच नाई. पण या दिवाळी अंकाचे संपादक आमच्या दिग्रसचेच, अन् शाळेत मले मराठी शिकवायचे. ते म्हणाले, "लिही ना बे, तू बी रिटायरच हायस." मी म्हटलं, सर, मी सव्वीसचा हाओ. त म्हणाले, "तुझा प्रोजेक्ट बंद पडला का नाई? मंग झालास ना रिटायर."

या हिशोबानं मी यवतमाळ जिल्ह्यातला सगळ्यात कोवळा रिटायर माणूस हाओ. जाता जाता सरांनी एक अट घातली. सगळं सोताच्या आवाजात लिहायचं, दुसऱ्या कोणाच्या नाई. ही अट काहून, ते दिग्रसच्या कोणालेही विचारा. याच सरांचा आवाज काढून मी एकदा आख्ख्या दहावी ब ले सुट्टी देल्ली होती.

नकला करायचा रोग मले लहानपणापासून. माझा बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले होता. जिनिंगचा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा मी तोंडानं असा काढायचो का एका दिवशी कंपाउंडच्या मांगून काढला, त अर्धे मजूर डबे सोडून बसले. मुकादमानं घड्याळ पायलं, मंग मले पायलं. त्या दिवसापासून माझं नाव भोंग्या. आईनं मंगेश ठेवलं होतं, ते आता फक्त आधार कार्डावर हाय.

मंग एका कंपनीची गाडी आली. कंपनी पुण्याची, रंग बनवते. मोठ्या कंपन्याइले नफ्यातला थोडा हिस्सा लोकाइच्या कामासाठी खर्च करा लागते, तसा कायदाच हाय. या कंपनीनं त्याच्यातून फिरता दवाखाना काढला. दिग्रस, महागाव, तिकडची गावं, बंजाऱ्याइचे तांडे अन् पोडं, म्हंजे कोलाम आदिवासीइच्या वस्त्या. एक पांढरी गाडी, आत एक डॉक्टर, एक सिस्टर, एक ड्रायव्हर, औषधाचं कपाट. अन् गाडी आली म्हणून बोंबलाले एक माणूस. तो मी.

मुलाखतीले पुण्याच्या मॅडम आल्या होत्या. त्याइनं विचारलं, डायव्हर्सिटीबद्दल तुमचं काय मत आहे? मले वाटलं हे एखाद्या गोळीचं नाव हाय. मी म्हटलं, मॅडम, मत नाई, पण आवाज हायेत. अन् मंग वऱ्हाडी शेतकरी, तांड्याचा नायक, कोलामाचा म्हातारा, दखनी बोलणारा आमचा कापडवाला, सगळे एका खुर्चीत बसून काढून दाखवले. मॅडम डोळ्यातलं पाणी पुसून म्हणाल्या, ही डायव्हर्सिटीच आहे. मी नोकरीले लागलो.

बाहेरच्याले वाटते, भोंग्यावर ओरडाले काय अक्कल लागते? लागते. कापूस वेचाच्या दिवसात सकाळी गाडी नेली त गावात फक्त कुत्रे भेटतात, तेव्हा कलत्या उन्हात जा लागते. बौद्ध वस्तीत विहारातल्या माईकवरून सांगतलं का लोक येतात, गाडीवरच्या भोंग्याले इचारत नाई. कोलाम पोडावर त भोंगा लावाचाच नाई. गाडी दूर उभी करून पायी जायचं, तिथल्या मोठ्या माणसापाशी बसायचं, तो हो म्हणेपर्यंत पाऊसपाण्याचं बोलायचं. अन् बंजारा तांड्यावर गोरबोलीत "आवो याडी, बेसो" म्हटलं का याड्या हसत हसत येतात. याडी म्हंजे आई, बेसो म्हंजे बसा. उच्चार चुकला त जास्तच हसतात.

गिऱ्हाइकं बी एकेक नमुने. महागावकडचा एक काका बकरी घेऊन रांगेत उभा राह्यला. सिस्टर म्हणाल्या, काका, हा माणसाइचा दवाखाना हाय. काकानं गाडीवरच्या मोठ्या अक्षरांकडे बोट केलं. तिथं लिवलं होतं, "आरोग्य सर्वांसाठी." काका म्हणे, "सर्वांसाठी म्हंजे सर्वांसाठी. का हे नुसतं रंगवलंय?" डॉक्टर साहेबांनी बकरीचं पोट दाबून पायलं, तेव्हा कुठं काका हलला.

ते वाक्य मले तेव्हा फक्त हसाले कामी आलं होतं.

गाडीवर त्या अक्षराइच्या बाजूले एक फोटो होता, दाराएवढा मोठा. नुसते दोन हात. कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या जाड बांगड्या एकावर एक चढवलेल्या, कोपराखाली काचेच्या रंगीबेरंगी, मांगे आरशाचं काम केलेली ओढणी. हात जोडलेले. हे हात झमकी याडीचे.

झमकी याडी दिग्रसजवळच्या तांड्यातली. वय कोणालेच माहीत नाई, तिलेबी नाई. कंपनीचा फोटोवाला पहिल्या दिवशी आला, तेव्हा तिले पाहून येडाच झाला. दिवसभर तिचेच फोटो. त्या पांढऱ्या बांगड्या म्हंजे चुडा. तांड्यातल्या जुन्या बाया लग्न झालं का घालतात, अन् नवरा हाय तोपर्यंत उतरवत नाई. पहिले हस्तिदंताचा असे म्हणतात, आता प्लास्टिकचा मिळते. नव्या सुना साड्या नेसतात, चुडा घालत नाई. म्हणून तांड्यात चुडेवाल्या फक्त म्हाताऱ्या.

झमकी याडी माझी सगळ्यात पक्की प्रेक्षक. गाडी थांबली का ती पहिल्या नंबरवर येऊन बसायची. सिस्टर नाडी पाहायच्या, जीभ पाहायच्या, डोकं दुखते म्हटलं का गोळी द्यायच्या. डोकं तिचं रोजच दुखायचं. गोळी ओटीत टाकून ती माझ्याकडे वळायची, "हा भोंग्या, आता कोणाले काढतं?" मी तिच्याच नवऱ्याले काढायचो. धनसिंग बा. बुढा दिवसभरात चार शब्द बोलणार, तेबी खोकून. मी खोकलो का याडी ओढणीत तोंड लपवून हसायची.

मंग एक दिवस पुण्याहून पाहुणे येणार म्हणून ठरलं. त्याच मॅडम, अन् त्याइच्यासंग कोटवाले दोन साहेब. कार्यक्रम त्याच तांड्यात, कारण फोटो तिथं चांगले येतात. शामियाना टाकला, सतरंज्या अंथरल्या. पुढच्या रांगेत चुडेवाल्या याड्या, मांगे सुना, त्याच्या मांगे माणसं अन् पोट्टे. एका साहेबानं भाषणात सांगतलं का या तांड्यातल्या ज्येष्ठ महिलांचं आरोग्य आमच्या सगळ्या गावांमध्ये उत्तम आहे, रक्तदाब तर एकदम नॉर्मल. टाळ्या. याड्याइनंबी वाजवल्या, चुडे खडखड वाजले. फोटोवाला त्या खडखडाटाकडे धावला.

मंग माझा नंबर. माझा एक ठरलेला आयटम होता, "गाडी आली." गावोगाव केलेला, कधी पडला नाई. पहिले गाडीचं खडाखडा येणं, मंग ड्रायव्हरचा हॉर्न, मंग सिस्टरचं "रांगेत या, रांगेत, पैसे नाई लागत, रांग लागते," मंग डॉक्टर साहेबांचं "हं, हं, लांब श्वास." इथपर्यंत शामियाना डोक्यावर घेतला होता लोकाइनं. डॉक्टर साहेब लाजले होते, सिस्टर मले डोळे वटारून हसून राह्यल्या होत्या.

शेवटी बीपीच्या मशीनचा आवाज. हा माझा हुकमी पत्ता. दंडाले पट्टा बांधतात, रबराचा फुगा दाबतात, फुस फुस फुस फुस, पट्टा आवळत जाते, पेशंटचं तोंड वाकडं होते, अन् मंग हवा सोडतात, सूऽऽऽ. हे तोंड वाकडं करणं सगळ्याइले माहीत असते, म्हणून कुठंबी करा, लोक पोट धरतात.

मी केलं. मांगे सुना हसल्या. माणसं हसली. पोट्टे त लोळले.

पुढची रांग हसली नाई.

मले वाटलं, आवाज जमला नाई. नकलाकाराले याच्यापरीस मोठं दुःख नसते. मी अजून एकदा केलं, जोरात. मांगे अजून हसले. पुढच्या याड्या माझ्याकडे अशा पाहत होत्या जसा मी चिनी भाषेत बोलून राह्यलो. झमकी याडीनं शेवटी विचारलं, "ई कांई छ रे? सायकलीत हवा भरतं का?"

मी हसत हसत म्हटलं, याडी, ते दंडाले बांधतात नाई का, फुगा दाबतात. गाडीत.

ती म्हणाली, "आमाले नाई बांधलं कोणी."

मी बाजूच्या याडीकडे पायलं. तिनं मान हलवली. तिच्या बाजूचीनं बी. आख्ख्या रांगेत तो आवाज कोणी ऐकलाच नव्हता. इतक्या फेऱ्या झाल्या, सगळ्याइनं सगळ्याइच्या आधी नंबर लावला, अन् एकीच्याबी हाताले पट्टा लागला नव्हता. माझी नजर त्याइच्या दंडावर गेली. कोपरापासून खांद्यापर्यंत चुडा. पट्टा बांधायची जागा नेमकी तीच.

माझ्या हातातला माईक चालू होता. मी तो बंद केला.

मी आयटम तिथंच गुंडाळला, राम राम केला अन् शामियान्याच्या मांगे सिस्टरपाशी गेलो. सिस्टर बाभुळगावच्या, कामाले वाघीण, माझ्यावर मोठ्या बहिणीसारखा जीव. मी फक्त एवढंच विचारलं का पुढच्या रांगेचा बीपी आपण कशानं पायला. त्याइचं तोंड असं उतरलं का मलेच कसंतरी झालं.

मंग हळू हळू सांगाले लागल्या. सुरवातीले कंपनीनं ट्रेनिंग देल्लं होतं. लोकाइच्या संस्कृतीचा मान ठेवायचा, दागिन्याले हात लावायचा नाई, काढा म्हणायचं नाई. पहिल्या दिवशी एका याडीले चुडा सरकवा म्हटलं, त ती उठून गेली. तेव्हापासून सिस्टर नुसती मनगटाची नाडी पाहत. पण टॅबमध्ये बीपीचा आकडा टाकल्याबिगर पुढचं पान उघडत नाई. मांगे रांग, वर ऊन. नाडी बरी लागली का त्या चांगल्या माणसाचा जो आकडा असते तो टाकत. डॉक्टर साहेब आत आकडा पाहत अन् म्हणत, वा.

"मी मान ठेवला रे भोंग्या," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, मी मान ठेवून राह्यली."

डॉक्टर साहेबाले सांगतलं त ते रागावले नाई, याचंच मले जास्त भेव वाटलं. ते सरळ मशीन घेऊन पुढच्या रांगेपाशी गेले, जमिनीवरच बसले अन् झमकी याडीले म्हणाले, याडी, चुड्याले हात नाई लावत, खालच्या काचेच्या बांगड्या जरा वर घ्या. कोपराखालच्या हाताले पट्टा बांधला. जाड दंडाच्या लोकाइचं असं पाहतात म्हणे, आकडा थोडा इकडेतिकडे होते, पण समजते. पाहुणे चहा पिऊन राह्यले होते. डॉक्टर साहेबांनी पायलं, पट्टा सोडला, दुसऱ्या हाताले बांधला. पुन्हा पायलं.

वरचा आकडा दोनशेच्या पार होता.

डॉक्टर साहेब उभे राह्यले अन् म्हणाले, हिले आत्ता यवतमाळले न्या लागते. आत्ता म्हंजे आत्ता. ही चालून कशी राह्यली हेच मले समजत नाई.

मॅडम कप खाली ठेवून आल्या. त्याइनं सगळं ऐकलं. एक कोटवाले साहेब हळूच म्हणाले का आभारप्रदर्शन उरकून घेऊ, दहा मिनिटं. मॅडमनं त्याइच्याकडे पायलंबी नाई. म्हणाल्या, माझी गाडी घ्या, एसी आहे, लवकर पोचेल. मंग त्याइची नजर आमच्या पांढऱ्या गाडीवरच्या त्या दाराएवढ्या हाताइवर गेली, अन् तिथंच राह्यली.

पण झमकी याडी उठेना. तिनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते. म्हणे, मोठ्या दवाखान्यात चुडा कापतात. सुई द्याले कापतात, सलाइनले कापतात. माझा माणूस जिता हाय, मी चुडा कापू देत नाई. इथंच गोळी द्या. डॉक्टर साहेबांनी समजावलं का कापणार नाई. मॅडमनं हिंदीतून समजावलं. सुना रडाले लागल्या. नायकानं हात जोडले. ती म्हणे, नाई.

धनसिंग बा कडेले उभा होता, कंबरेवर हात ठेवून. एक शब्द नाई. त्याच्याकडे कोणी पाहतच नव्हतं, कारण तो बोलत नाई हे सगळ्याइले माहीत. मले काय झालं काय माहीत. डोकं चालेना, अन् डोकं चालेना का माझं तोंड चालते. मी खोकलो. धनसिंग बासारखा. अन् त्याच्याच आवाजात म्हटलं, "जा वो. मी कुठं मरून राह्यलो?"

कोणी हसलं नाई. बुढ्यानं मान वळवून माझ्याकडे पायलं. मले वाटलं आता कानाखाली बसते. तो दोन पावलं पुढे आला.

"मी असा खोकतो?"

मी म्हटलं, हाव बा.

त्यानं बायकोकडे पायलं. खरंच खोकला, मंग म्हणाला, "चुडा माझ्या नावाचा हाय ना? मंग मी सांगतो. कापा लागला त कापू दे. मी दुसरा आणतो. दुसरी तू कुठून आणू?"

इतके शब्द त्या माणसाच्या तोंडून तांड्यानं एका दमात ऐकले नव्हते. झमकी याडी उठली. गाडीत बसताना मले म्हणे, तुझ्यापरीस हाच चांगला काढते आवाज.

बुढा तिच्या बाजूले बसला. सिस्टर पुढे बसल्या. रस्ताभर त्याइनं मांगे वळून याडीचा हात सोडला नाई, असं मले मॅडमच्या ड्रायव्हरनं मंग सांगतलं.

चुडा कापा नाई लागला. तिथल्या डॉक्टरनंबी कोपराखालीच पट्टा बांधला, सुई मनगटापाशी देल्ली. थोडे दिवस ठेवून घेतलं, गोळ्या चालू केल्या, अन् याडी परत आली. डोकं दुखाचं बंद झालं. म्हणे, मले वाटे डोकं असंच असते.

तिच्यामागे तांड्यातल्या सगळ्या चुडेवाल्याइचं कोपराखालून पायलं. मंग दुसऱ्या तांड्याइचं. किती जणींचं वाढलेलं निघालं ते मी सांगत नाई. आकड्यावरून माझा विश्वास उडाला हाय. एवढं सांगतो का आम्ही हसत हसत गेलतो अन् गाडीत परत येताना कोणी रेडिओ लावला नाई. सिस्टरनं सोता कंपनीले सगळं लिहून कळवलं. मॅडमनं पुढच्या ट्रेनिंगमध्ये पहिली गोष्ट हीच सांगाले लावली. सिस्टर कामावर राह्यल्या. हे मले बरं वाटलं, अन् हे बरं वाटणंबी कधी कधी टोचते.

काहून का त्या रांगेत अजून एक जागा होती. झमकी याडीच्या उजव्या हाताले रामकी याडी बसायची, तिची सोबतीण. ती आदल्या उन्हाळ्यात चुलीपाशी बसल्या बसल्या आडवी झाली. तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं, दोन दिवसात संपली. तांड्यात म्हणाले, बाहेरचं लागलं. आम्ही गाडी घेऊन भेटाले गेलतो. सिस्टर रडल्या होत्या, म्हणे काल परवाच त पायली होती, सगळं चांगलं होतं. तेव्हा आमाले कोणालेच शंका आली नाई. ती आमच्या गाडीवर सगळ्यात इमानदारीनं येणारी होती. भोंगा ऐकला का हातातलं काम टाकून येई. भोंगा माझा.

कंपनीचे पैसे पुढे दुसऱ्या जिल्ह्यात गेले, प्रोजेक्ट संपला. गाडी पुण्याले परत गेली, हात जोडलेलीच. मी आता लग्नाइत अन् दुकानाच्या उद्घाटनाइत आवाज काढतो. चांगलं चालू हाय.

मागच्या महिन्यात दिग्रसच्या बसस्टँडवर उभा होतो. पुसद गाडीतून झमकी याडी उतरली, मांगून धनसिंग बा पिशवी घेऊन. गोळ्या घ्याले आली होती. मले पायलं तशी भर स्टँडवर थांबली, काचेच्या बांगड्या वर सरकवल्या, हात पुढे केला अन् तोंड वाकडं करून सुरू झाली, फुस फुस फुस फुस. मंग गाल फुगवून, सूऽऽऽ.

खरं सांगतो, माझ्यापरीस चांगलं जमलं तिले. कंडक्टर हसला, पेपरवाला हसला, बुढा खोकत खोकत हसला. मीबी हसलो.

अन् हसता हसता माझी नजर तिच्या उजव्या बाजूले गेली. तिथं कोणी नव्हतं. रामकी याडीनं हा आवाज कधी ऐकलाच नाई.